लघुलहरींची प्रसारणे जुन्या टेपवर ध्वनिमुद्रित करताना: जोडणी, पातळी आणि शिट्टी

गोदाकाठ

नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, त्यांचाच स्पूल टेपरेकॉर्डर आणि नंतर घेतलेला एक कॅसेट डेक अशी तीन यंत्रे चालू स्थितीत आहेत. शॉर्टवेव्हवर अजून जे ऐकू येते ते या यंत्रांवर नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असे मी ठरवले आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी शॉर्टवेव्ह बंद केली, बीबीसी हिंदीचे रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. आज एखादे केंद्र लागते म्हणून ते पुढच्या वर्षीही लागेल, असे धरून चालता येत नाही.

माझे मत असे आहे की या कामात टेपला विनाकारण दोष दिला जातो. शॉर्टवेव्हवर केंद्रे ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, त्यामुळे साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज रेडिओतून स्वच्छ असा मिळतच नाही. साधी फेरिक कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानेही त्याहून बरेच वरचे टिपते, आणि टेपची स्वतःची सळसळ आकाशातल्या खरखरीखाली दडून जाते. खराबी येते ती टेपपर्यंत पोहोचण्याआधी.

मला तीन गोष्टींवर जाणकारांचे म्हणणे हवे आहे. व्हॉल्व्ह रेडिओतून आवाज नेमका कुठून घ्यावा? आवाज सतत विरतो आणि पुन्हा उसळतो, तेव्हा पातळी कशी ठेवावी? आणि रेकॉर्डचे बटण दाबताच एक बारीक शिट्टी सुरू होते, तिचे मूळ कुठे शोधावे?

सातपूरकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. काही जुने व्हॉल्व्ह रेडिओ ए.सी./डी.सी. पद्धतीचे असत, म्हणजे त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे आणि चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. अशा रेडिओची चॅसिस टेपरेकॉर्डरच्या शील्डला जोडली, तर २३० व्होल्ट आपल्या हातात येतात. म्हणून रेडिओचा मागचा पुठ्ठा काढून आधी मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहावे. तो नसेल, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्या रेडिओला काहीही जोडू नये.

ट्रान्सफॉर्मर असेल, तर आवाज स्पीकरवरून न घेता व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकावरून, म्हणजे डिटेक्टरनंतर लगेच घ्यावा. तेथे तो व्हॉल्यूमच्या आधीचा असतो, त्यामुळे घरात रेडिओचा आवाज मोठा केला काय किंवा अगदी बंद केला काय, ध्वनिमुद्रणावर परिणाम होत नाही. शिवाय आउटपुट व्हॉल्व्हची विकृती आणि टोन कंट्रोलची करामत दोन्ही टळतात. तेथून जास्त व्होल्टेजचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि त्याच्या मालिकेत २२० किलोओहम ते ४७० किलोओहमचा रेझिस्टर घालून शील्डेड वायर काढावी. जुन्या युरोपीय रेडिओंची पाच पिनांची डिन सॉकेट याच तत्त्वावर चालत असे. वायर शक्य तितकी आखूड ठेवा, कारण लांब वायरच्या कपॅसिटन्समुळे वरचा आवाज जातो. घुमणारा हम आला, तर मध्ये ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला.

प्राजक्ता_देवळाली

सातपूरकर काकांनी जोडणी सांगितलीच आहे, मी पातळीबद्दल लिहिते.

शॉर्टवेव्हचे ध्वनिमुद्रण बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे एकामागोमाग बसलेली दोन स्वयंचलित नियंत्रणे. रेडिओतले एजीसी, म्हणजे वाढ आपोआप कमीजास्त करणारे नियंत्रण, लहर क्षीण झाली की वाढ करते आणि त्याबरोबर खरखरही वर आणते. त्यापुढे टेपरेकॉर्डरमध्ये स्वयंचलित लेव्हल असेल, तर तो त्या खरखरीलाही निवेदकाच्या आवाजाइतकेच महत्त्व देतो. खरा घात होतो वीज कडाडल्यावर. स्वयंचलित लेव्हल त्या एका कडाक्याने क्षणात खाली येते, पण वर चढायला तिला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बातमीतले अर्धे वाक्य गडप होते. मे महिन्यात नाशिकवर आकाश निरभ्र असले, तरी दूर कुठे वळवाचा पाऊस असेल त्याचे कडाके ४९ आणि ६० मीटरच्या पट्ट्यांत संध्याकाळभर ऐकू येतात. त्या दिवसांत टू-इन-वनवर केलेली ध्वनिमुद्रणे ऐकलीत, तर माझे म्हणणे पटेल.

म्हणून हाताने लेव्हल ठेवता येईल असाच डेक वापरावा. आवाज सर्वांत जोरकस असतानाची शिखरे डेकच्या मीटरवर शून्य व्हीयूपर्यंत जातील अशी एकदा पातळी लावावी आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत त्या बटणाला हात लावू नये. आवाज विरतो तेव्हा विरू द्यावा. ती त्या संध्याकाळच्या आयनांबराची, म्हणजे शॉर्टवेव्ह परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची, नोंद आहे. विजेचे कडाके शून्याच्या वर गेले, तरी आवाज एकदम न फाटता टेप हळूहळू संपृक्त होते आणि या बाबतीत ती फार समजूतदार आहे. डॉल्बी, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारी सोय, बंद ठेवावी.

चुंबकरेषा

डॉल्बी बंद ठेवण्याचा सल्ला मला पटत नाही. मी क्रोम कॅसेटवर डॉल्बी-बी लावून ध्वनिमुद्रण करतो आणि दोन कार्यक्रमांमधली शांतता निश्चितच अधिक स्वच्छ वाटते. दहा डेसिबलचा फरक काही थोडा नव्हे.

प्राजक्ता_देवळाली

@चुंबकरेषा, तो दहा डेसिबलचा फरक टेपच्या सळसळीतला आहे, प्रसारणातल्या खरखरीतला नाही. वाहक लहर चालू असताना खरखर सळसळीच्या कितीतरी वर असते, त्यामुळे तो फायदा कानापर्यंत पोहोचत नाही. उलट डॉल्बीचे उलगडणे पातळीवर अवलंबून असते. वीस वर्षांनी दुसऱ्या डेकवर, जरा वेगळ्या पातळीने ती कॅसेट वाजली, की वरचा आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. जतन करायची वस्तू शक्य तितकी साधी असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

व्योमगामी

मूळ कल्पनेलाच आक्षेप घेतो, पण आदराने. आज एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) आणि संगणक यांच्या साहाय्याने ३१ मीटरचा संपूर्ण पट्टा एकाच वेळी साठवता येतो. सेकंदाला २० लाख नमुने, १६ बिट, दोन वाहिन्या असा हिशेब केला, तर तासाला २८.८ गिगाबाइट होतात आणि आजच्या डिस्कला ते जड नाही. नंतर सवडीने त्यातले कोणतेही केंद्र लावून ऐकता येते, फिल्टर बदलता येतो, बाजूच्या केंद्राचा उपद्रव असेल तर दुसरी बाजूपट्टी निवडता येते. टेपवर मात्र जे ट्यून केले तेवढेच आणि ज्या फिल्टरने ऐकले तसेच कायमचे उमटते. जतन हाच हेतू असेल, तर एवढी मोठी सोय का सोडावी?

गोदाकाठ

@व्योमगामी, आपला मुद्दा पूर्णपणे ग्राह्य आहे आणि ज्याला पट्ट्याचा अभ्यास करायचा आहे त्याने एसडीआरच वापरावा. माझा हेतू थोडा निराळा आहे. वडिलांनी याच यंत्रांवर केलेली ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत. त्याच रेडिओच्या त्याच फिल्टरमधून, त्याच टेपवर आजचा पट्टा कसा उतरतो हे मला शेजारी ठेवून ऐकायचे आहे. तुलना करायची, तर मधली साखळी बदलून चालणार नाही. शिवाय सातपूरकर काकांनी सांगितलेल्या ठिकाणाहून निघालेला आवाज एकाच वेळी टेपला आणि संगणकाला देता येईलच.

सिन्नरकर

शिट्टीबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टेपवर ध्वनिमुद्रण होताना हेडला आवाजाबरोबर बायसची उच्च वारंवारताही दिली जाते. साधारण ५० ते १०० किलोहर्ट्झच्या दरम्यान ती असते आणि तिचे पटीतले सूर रेडिओच्या पट्ट्यांत उमटतात. त्यांपैकी एखादा आपल्या केंद्राच्या वाहक लहरीजवळ आला, की दोहोंच्या फरकाएवढी शिट्टी ऐकू येते. मीडियमवेव्हवर हा त्रास जास्त, पण रेडिओ आणि डेक एकाच फळीवर असतील आणि एरियल घरातल्या घरात असेल, तर शॉर्टवेव्हही सुटत नाही. टू-इन-वन बनवणाऱ्यांना हे चांगलेच माहीत होते. म्हणूनच बऱ्याच टू-इन-वनच्या मागच्या बाजूला बीट कट किंवा आयएसएस असे लिहिलेली एक छोटी कळ असते. ती सरकवली की बायसची वारंवारता किंचित बदलते आणि शिट्टी दुसरीकडे सरकते.

मूळ ओळखण्याची रीत सोपी आहे. केंद्र लावून ठेवा आणि रेकॉर्डवरून स्टॉपवर या. शिट्टी त्याच क्षणी गेली, तर ती बायसची. स्टॉपवरही ती राहिली आणि तिचा सूर उंच व अगदी स्थिर असला, तर बहुधा ५ किलोहर्ट्झवरचे शेजारचे केंद्र आहे. त्याला डेक जबाबदार नाही; तेथे अरुंद फिल्टर किंवा दुसऱ्या वेळची दुसरी वारंवारताच कामी येते. आणि सूर एकसारखा न राहता डोलत, घरंगळत असला, तर घरातला एखादा चार्जर किंवा एलईडी दिव्याचा सप्लाय तपासा.

बायसची शिट्टी असल्यास डेक रेडिओपासून जितका दूर नेता येईल तितका न्या, एरियल गच्चीवर नेऊन कोॲक्सने खाली आणा, आणि जोडणीच्या वायरवर फेराइटचे कडे चढवा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

अंजनेरी

सिन्नरकरांशी सहमत. अंबड आणि सातपूर या दोन्ही औद्योगिक वसाहतींच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना विजेचा गोंगाट किती असतो ते वेगळे सांगायला नको. देखभालीसाठी वीज बंद असते तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ लावून पाहा. जी केंद्रे नाहीतच असे वाटत होते, ती स्वच्छ येतात. मी तर बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी जातो. झाडावर टाकलेली पंधरा-वीस मीटरची वायर शहरातल्या महागड्या लूप एरियलपेक्षा अधिक देते.

पंचवटीकर

थोडे विषयाला लागून, पण वेगळे विचारतो. माझ्या थोरल्या काकांनी सिलोनवरून उतरवलेली स्पूल आमच्याकडे आहेत. सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई, ती सकाळ त्यांत आहे. बुधवारी रात्री आठ वाजताच्या गीतमालेतले अमीन सायानी यांचे निवेदनही आहे. ही गीतमाला १९५२ मध्ये सिलोनवर सुरू झाली आणि १९८९ मध्ये विविध भारतीवर आली, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेलच. अडचण अशी की सैगल यांचा आवाज ओळखीच्या पट्टीपेक्षा किंचित चढा लागतो. टेपरेकॉर्डर दुरुस्त आहे, मोटरचा रबरी पट्टा नवीन आहे. मग वेग नेमका कुठे चुकतो?

चुंबकरेषा

जुन्या ध्वनिमुद्रणात पार्श्वभूमीला विजेचा हम असतोच. संगणकावर त्याची वारंवारता पाहा. ती ५० हर्ट्झ यायला हवी. ५१ आली, तर तेवढ्या प्रमाणात वेग कमी करा.

सातपूरकर

@चुंबकरेषा, इतर देशांत ही युक्ती बऱ्यापैकी चालेल, आपल्याकडच्या जुन्या स्पूलांवर मात्र तिचा भरवसा धरू नये. एक तर त्या काळी ग्रिडची वारंवारता ५० वर स्थिर नसे, मागणी वाढली की बरीच खाली येई. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. घरगुती स्पूल टेपरेकॉर्डरची मोटर सहसा विजेच्या ए.सी.वरच फिरते. समजा, त्या सकाळी वीज ४९ हर्ट्झची होती. तर मोटरही दोन टक्क्यांनी हळू फिरली आणि टेपवर हमही ४९ चाच उतरला. आज ५० हर्ट्झवर ती टेप जलद फिरते आणि तोच हम बरोबर ५० वर येऊन बसतो. म्हणजे हम निर्दोष दिसतो आणि सैगल मात्र दोन टक्के चढे गातात. चूक आणि तिचे माप दोन्ही एकाच मोटरने केलेले असते.

याला बाहेरचा साक्षीदार हवा आणि शॉर्टवेव्हच्या टेपवर तो पुष्कळदा सापडतो. पंचवटीकर, त्याच स्पूलवर पुढेमागे बीबीसीच्या बातम्या आहेत का पाहा. तासाच्या ठोक्याला येणाऱ्या त्यांच्या सहा टिकटिकी १००० हर्ट्झच्या असतात आणि पहिलीच्या आरंभापासून सहावीच्या आरंभापर्यंत बरोबर ५ सेकंद जातात. साध्या एएम ग्रहणात ही वारंवारता आहे तशी उतरते, रेडिओचे ट्यूनिंग थोडे इकडेतिकडे असले तरी तिला धक्का लागत नाही. वरच्या उदाहरणात तुम्हाला १०२० हर्ट्झ मिळतील आणि ५ सेकंदांऐवजी ४.९ सेकंद भरतील. दोन्ही मापे एकमेकांशी जुळली, की निःशंकपणे वेग दुरुस्त करा. संगणकावर वेग आणि सूर एकत्र बदलणारी सोय वापरा, केवळ लय बदलणारी नव्हे. मात्र वीज तासागणिक बदलत असे, म्हणून टिकटिकी जितक्या त्या गाण्याच्या जवळच्या असतील तितके माप विश्वासाचे.

पंचवटीकर

काका, मनापासून आभार. एका स्पूलवर गाण्यांनंतर इंग्रजी बातम्या आहेत आणि त्यांच्या आधी टिकटिकी पूर्ण आहेत. मोजून येथेच कळवतो.

प्राजक्ता_देवळाली

@पंचवटीकर, मोजण्याआधी टेप वाजवण्यायोग्य आहे का ते पाहून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या स्पूलांच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. ती हेडवर घासली, तर हेड, टेप आणि पुढची प्रत्येक टेप बाधित होते. टेप चिकट होऊन किंचाळत असेल, तर लगेच थांबवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांचा बांधणारा थर ओलावा शोषून चिकट होतो. त्यावर मंद, नियंत्रित उष्णतेचा उपाय आहे, पण तो जाणकाराकडूनच करून घ्यावा. त्याहून जुनी ॲसिटेटची टेप असेल आणि व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर तिला उष्णता चुकूनही देऊ नये. स्पूल दिव्यासमोर धरले असता प्रकाश पलीकडून दिसतो, ती बहुधा ॲसिटेट.

कॅसेटच्या बाबतीत आणखी एक काम राहून जाते. ज्या डेकवर ती भरली त्याच्या हेडचा कल आणि आपल्या हेडचा कल जुळतोच असे नाही. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकत तो अगदी थोडा थोडा फिरवावा. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांची धार सर्वांत स्पष्ट होते, ती जागा योग्य. काम झाल्यावर स्क्रू पूर्वस्थितीत आणायचा असतो, म्हणून आधी त्यावर खूण करून ठेवावी.

नवश्रोता

कायद्याच्या दृष्टीने हे सर्व चालते का? माझ्या आजोबांना रेडिओसाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागत असे, म्हणून विचारतो.

व्योमगामी

@नवश्रोता, रेडिओचा परवाना ऐंशीच्या दशकातच रद्द झाला. प्रताधिकार कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रसारण ध्वनिमुद्रित करता येते. प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा असतो, पण त्यातल्या गाण्यांचा हक्क वेगळा आणि अधिक काळाचा आहे. त्यामुळे घरी जतन करणे आणि ते जाहीरपणे प्रसृत करणे या दोन गोष्टी एक समजू नयेत.

गोदाकाठ

मूळ प्रश्नांकडे परत येतो, कारण काम पुढे सरकले आहे.

वडिलांच्या रेडिओत पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे, हे आधी पाहून घेतले. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे व्हॉल्यूमच्या वरच्या टोकावरून वायर काढली. स्पीकरवरून घेतलेल्या आवाजात निवेदकाच्या शब्दांना जी घोगरी किनार होती, ती पूर्णपणे गेली. शिट्टी बायसचीच निघाली. स्टॉप दाबताच ती जात होती. डेक समोरच्या भिंतीकडे नेला, एरियल गच्चीवर नेले आणि आता २५ मीटरच्या पट्ट्यात तिचा मागमूस नाही. पातळी एकदा लावून हात मागे घेण्याची सवय मात्र प्रयत्नाने लावावी लागते आहे, कारण आवाज विरू लागला की बोटे आपोआप बटणाकडे जातात.

नोंदीची पद्धत अशी ठेवली आहे: कार्यक्रमाच्या दहा मिनिटे आधी टेप सुरू करायची, म्हणजे केंद्राची ओळखधून सापडते; आरंभी मायक्रोफोनवर तारीख, वारंवारता, एरियल आणि रेडिओ यांची नावे स्वतःच्या आवाजात बोलायची; आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहायची. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा केले की पहाटेच्या कार्यक्रमांची तारीख आदल्या दिवसाची होते, हे लक्षात ठेवावे लागते. आता एकच प्रश्न उरला आहे. तासाभराच्या प्रसारणासाठी सी-९० घ्यावी की सी-६०? सी-९० च्या एका बाजूवरही तास मावत नाही, म्हणून कॅसेट उलटणे अटळ आहे.

सिन्नरकर

सी-६० घ्या. तिची टेप सी-९० हून जाड असते, कमी ताणली जाते आणि शेजारच्या वेढ्यावरचा आवाज हिच्यावर कमी उमटतो. सी-१२० तर या कामासाठी हातातही धरू नये. कॅसेट उलटताना किंवा बदलताना जाणारे काही सेकंद संगणकावरच्या समांतर प्रतीत असतीलच. खंड अजिबात नको असेल, तर स्पूलच वापरा: १८ सेंटिमीटरच्या चकतीवर १८०० फूट टेप, सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेगाने एका दिशेला ९६ मिनिटे चालते. आधीची दहा मिनिटे आणि तासाभराचा कार्यक्रम त्यात आरामात बसतो. कॅसेट भरून झाली की तिच्या मागच्या दोन्ही टॅब त्याच रात्री तोडून टाका.

पंचवटीकर

टिकटिकी मोजल्या. १०२६ हर्ट्झ आल्या आणि पाच सेकंदांच्या जागी ४.८७ सेकंद भरले. त्याच प्रमाणात वेग उतरवून सैगल पुन्हा ऐकले. आता पट्टी जुळते. दुसऱ्या स्पूलवर बातम्या नाहीत, तेथे काय करावे हे सातपूरकर काकांना विचारायचे आहे.

सातपूरकर

त्या स्पूलवरच्या एखाद्या गाण्याची ग्रामोफोन कंपनीने काढलेली प्रत मिळवा आणि तिच्याशी षड्ज जुळवून पाहा. प्रसारणकेंद्रावरही तबकडी थोडी मागेपुढे फिरू शकते, म्हणून एकाऐवजी चार-पाच गाणी घ्या. ती सर्व एकाच प्रमाणात चढी निघाली, तर तो फरक तुमच्या काकांच्या टेपरेकॉर्डरचा समजून खुशाल दुरुस्त करा. मूळ वेगाची प्रतही मात्र तशीच ठेवा.